छबूच्या नावावरचे अठ्ठावीसशे

भीमनगर, नेकनूरजवळ
१४ मे २०१९

प्रिय छबू,

सप्रेम जयभीम.

पाकिटावरचं अक्षर पाहून तू ओळखलंच असशील, आणि न फोडता चुलीत टाकावं असंही मनात आलं असेल. टाकू नकोस. दोनदा फोन केला मी. पहिल्या वेळी तू 'कोण' म्हणालीस, मी नाव सांगितलं आणि तू ठेवून दिलास. दुसऱ्या वेळी मी तोंड उघडायच्या आतच ठेवलास. त्याचा मला राग नाही. शेवटी कागद घेतला. तुला वाचायला आता कुणाची गरज लागत नाही, तेव्हा हे पत्र एकटीनं वाच. तुझ्या भावाच्या, बन्सीदादाच्या पोरांकडून वाचून घेऊ नकोस. मी अक्षर मोठं काढते आहे.

आधी इकडचं सांगते. यंदा पुन्हा दोन हजार तेराच्या दुष्काळासारखं झालंय. वस्तीतला हापसा कोरडा पडून चार महिने झाले, आता पोरं त्याच्या दांड्याला लोंबकळून खेळतात. टँकर तीन दिवसांआड येतो, येईल तेव्हा येतो. सडकेच्या कडेला जनावरांची छावणी उघडली आहे, भारतचे बाबा तिथं रात्रपाळीला राखणीवर जातात. भारत चाकणला कंपनीत आहे, गेल्या साली लग्न केलं त्याचं. तुझ्या घराचं कुलूप गंजलं आहे, पण भिंती धड आहेत. मागच्या पावसाळ्यात एक पत्रा उचलला होता, तो आम्ही दगड ठेवून बसवला. भिमाबाई अजून आहे. ऐंशीच्या पुढं गेली, कमरेत वाकली, पण जीभ तशीच. तुझं नाव महिन्यातून एकदा तरी काढते. कधी, ते पुढं सांगते.

आणि माझं म्हणशील तर मी आता बँकेचं मशीन चालवते. तुझ्या कानावर आलं असेल. तीन वर्षांपूर्वी बँकेला वस्तीतली दहावी झालेली बाई हवी होती. छोटं मशीन आहे, त्यावर बोट टेकवलं की खात्यातले पैसे निघतात, मी रोख हातात द्यायची आणि चिठ्ठी फाडून द्यायची. विधवांची पेन्शन, म्हाताऱ्यांचं अनुदान, रोजगार हमीची मजुरी, सगळं माझ्या ओसरीवर मिळतं. पूर्वी सहाशे रुपयांच्या पेन्शनसाठी नेकनूरला जायचं, भाडं मोडायचं, दिवस बुडायचा, आणि वर साहेब जेवायला गेलाय म्हणून परत यायचं, ते आता संपलं. एक अडचण मात्र आहे. ऊस तोडून, दगड उचलून आपल्या बायांची बोटं इतकी झिजली आहेत की मशीनला रेषाच दिसत नाहीत. भिमाबाईचा अंगठा कधीच लागत नाही. मग मी तिचे हात कोमट पाण्यानं धुते, पुसते, एकेक बोट लावून बघते. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट तेवढं ओळखतं मशीन. ते बोट लागलं, चिठ्ठी निघाली की ती हमखास म्हणते, "छबी असती तर लई हसली असती."

तू हसली असतीस हे खरं आहे. तुला आठवतं का, दोन हजार तीन सालचा उन्हाळा? आपण तलावाच्या कामावर माती वाहत होतो. तेरा बाया झाडाखाली भाकरी खायला बसलो होतो आणि तू म्हणालीस, महिन्याला वीस-वीस रुपये काढू, नड आली तर मुकादमाच्या दारात जायला नको. मी दहावी झालेली म्हणून मला सचिव केलं. तू अध्यक्ष. तू म्हणालीस मला सही येत नाही, तर सुंदरबाई म्हणाली, भांडता येतं ना, मग झालं. कचरूदाजी तेव्हा होते. ते म्हणाले, माझी बायको आता सरपंचाच्याही वर गेली, आणि दिवसभर तुला अध्यक्षबाई म्हणून हाक मारत होते.

खातं उघडायला आपल्याला सात खेपा पडल्या. पहिल्या खेपेला साहेब म्हणाले गटाचा ठराव आणा, दुसऱ्या खेपेला फोटो. तेरा जणींनी नेकनूरच्या स्टुडिओत फोटो काढले. त्यातल्या नऊ जणींचा तो जन्मातला पहिला फोटो होता, आणि भिमाबाईनं डोळे मिटले म्हणून तिचा दोनदा काढावा लागला. मग साहेब म्हणाले ओळख पाहिजे. म्हणजे बँकेत आधीच ज्याचं खातं आहे अशा माणसानं सही करायची की या बायांना मी ओळखतो. आपल्या वस्तीत कुणाचं खातं नव्हतं. आपण भगवानरावांच्या वाड्यावर गेलो. ज्यांच्या रानात वीस वर्षं खुरपलं, ते म्हणाले, सही करतो, पण या हंगामात तुम्ही तेराजणींनी पहिले आठ दिवस फुकट यायचं. मला तर ते कबूल होतं. तू पायऱ्या उतरायला लागलीस, मला वाटलं तू चिडून रडशील. पण तू म्हणालीस, "ओळख इकत घ्यायची असंल तर ती ओळख कशाची?" सातव्या खेपेला एसटीचा कंडक्टर उत्तरेश्वर आपल्याला म्हणाला, बाई, महिनाभर तुम्ही सगळ्या या गाडीनं येता-जाता, काम तरी काय आहे? तू सांगितलंस. त्यानं घंटी मारली, नेकनूरच्या स्टँडवर गाडी लावली, ड्रायव्हरला दहा मिनिटं चहा पी म्हणाला आणि त्याचं खातं त्याच बँकेत होतं म्हणून आपल्याबरोबर येऊन सही केली. तुला त्याचं घरही माहीत नव्हतं. आपल्या गावात जे आपल्याला जन्मभर ओळखत होते त्यांनी जे केलं नाही, ते त्यानं तिकिटाच्या ओळखीवर केलं.

त्या बँकेच्या चिठ्ठ्यांवरच तू वाचायला शिकलीस. मी कोऱ्या चिठ्ठ्यांचं बंडल घरी आणायची आणि आपण संध्याकाळी विहाराच्या पायरीवर बसायचो. आधी तू नाव शिकलीस, मग आकडे, मग रक्कम अक्षरी. 'दोनशे साठ रुपये फक्त' हे पहिलं वाक्य तू आपल्या हातानं लिहिलंस आणि मला विचारलंस, तेरा बायांनी महिनाभर पोटाला चिमटा काढलेले पैसे, आणि वर 'फक्त' कशाला लिहायचं? मी म्हटलं, बँकेची रीत आहे. तू ते 'फक्त' नेहमी बारीक अक्षरात लिहायचीस.

कचरूदाजी गेले तेव्हा गटातून तुला चार हजार दिले होते, ते तू दीड वर्षात फेडलेस. तुझी एकही सभा चुकली नाही. हे मी का लिहिते आहे, तुला माहीत असलेलं? मला ते लिहावंसं वाटतं म्हणून. एवढी वर्षं या गोष्टी मी कुणापाशी बोलले नाही.

आता नऊ सालचं. बंकट आपल्याकडे पहिल्यांदा आला तो दिवस मला पक्का आठवतो. भगवानरावांचा पुतण्या, शहरातल्या पतसंस्थेचा एजंट. मोटारसायकल वस्तीच्या बाहेर न लावता थेट माझ्या दारात लावली. आत आला, खाली बसला आणि म्हणाला, मालनकाकू, पाणी द्या. मी घासलेला तांब्या पुन्हा एकदा घासला आणि भरून दिला, छबू. त्या घरातला कुणी माणूस आपल्या घरचं पाणी प्याला, असं मी तोवर पाहिलं नव्हतं. तो तांब्या तोंडाला लावून प्याला, आणि नंतर चहाही. त्यानं तेरा टक्के व्याज सांगितलं, घरपोच सेवा सांगितली, पण खरं सांगते, माझा निकाल त्या तांब्यावरच लागला होता. बँकेत आपल्याला बाकावर बसायला लाज वाटायची, आणि हा माणूस आपल्या जमिनीवर मांडी घालून बसला होता.

सभेत मीच उठून बोलले. बँकेचा साहेब आपल्याला दुपारपर्यंत ताटकळत ठेवतो, व्याज साडेतीन टक्के देतो, हे काय आपले सगे लागतात का, असं सगळं. विसाचे पुढं शंभर, मग दोनशे केले होते, कर्जांचं व्याज धरून एक लाख चाळीस हजार झाले होते आपले. बाया खूश होत्या. तू एकटी नाही म्हणत होतीस. तू म्हणालीस, "ह्यो आपल्या दारात येतो. उद्या न्हाई आला तर आपून कुणाच्या दारात जायचं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. बारा विरुद्ध एक झालं, आणि तू म्हणालीस, तुमी म्हणता तर ठेवू. अध्यक्ष म्हणून सही तुझीच लागणार होती. ती तू केलीस, पूर्ण नावाची, आणि बाहेर येऊन माझ्यासाठी न थांबता एकटीच चालू लागलीस.

चार वर्षं व्याज मिळालं. कुणी माझ्यापुढं तुझं नाव काढलं तर मी म्हणायची, बघा, छबू किती भित्री. मग तेराचा दुष्काळ आला. त्या साली मुकादमाची उचल घ्यायची नाही, गटाचे पैसे काढून आठ महिने निभवायचं, ऊस तोडायला कारखान्यावर जायचंच नाही, असं आपलं ठरलं होतं. पोरांच्या शाळा बुडणार नव्हत्या. फेब्रुवारीत आपण पैसे काढायला गेलो तर पतसंस्थेच्या शटरपुढं दीड-दोनशे माणसं उभी होती. आठवतंय, एक पेन्शनर मास्तर पायरीवर बसून आपल्या पासबुकाचं एकेक पान उलटत होते? बंकटचा फोन बंद होता. नंतर कळलं की त्याच्या आईचे, बहिणीचेही पैसे तिथंच बुडाले. तो फसवायला आला नव्हता, त्यालाही खालच्या पायरीवरच ठेवलं होतं. पण त्यानं आपलं काही परत येणार नव्हतं. त्या दिवाळीनंतर तेरातल्या आठ घरांनी उचल घेतली आणि कोयते घेऊन कर्नाटकात गेली. भिमाबाईचा धाकटा मुलगा आणि सूनही गेले, दोन नातवंडं तिच्या गळ्यात टाकून.

पण ते नंतर. त्याआधी विहारातली सभा झाली. ती सभा मी रोज पाहते. सुंदरबाई शहरातून ऐकून आली होती की मोठी ठेव आणून देणाऱ्याला पतसंस्था शेकडा दोन कमिशन देत होती. तिनं उभं राहून विचारलं, आपल्या ठेवीचं कमिशन कुणी खाल्लं? सगळ्या तुझ्याकडं बघायला लागल्या, कारण सही तुझी होती. तू म्हणालीस, मला म्हाईत न्हाई. मग तू माझ्याकडं पाहिलंस. फार वेळ नाही, पाणी पिताना माणूस भांड्यावरून बघतो तेवढा वेळ. मी पदर कानावरून पुढं ओढला आणि वहीत सभेचा वृत्तान्त लिहीत राहिले.

पदर का ओढला ते आता लिहिते. माझ्या कानात सोन्याची फुलं होती. तीच, जी तू हातात धरून पाहिली होतीस आणि म्हणाली होतीस, कुठून घेतलीस गं, लई छान हायेत. मी म्हटलं होतं, माहेरून दिली. ती माहेरची नव्हती. ठेव ठेवल्यावर चौथ्या दिवशी बाजारात बंकटनं मला वर्तमानपत्रात गुंडाळून अठ्ठावीसशे रुपये दिले. म्हणाला, हे तुमच्या हक्काचं, ठेव तुम्ही आणली. संध्याकाळी तुला सांगायचं असं ठरवून मी बाजारातून निघाले. सराफाच्या दुकानावरून जाताना थांबले. भारतची फी भरली असं आज लिहिता आलं असतं, तर तुलाही थोडी दया आली असती. पण फी भरली नाही. मी फुलं घेतली. जन्मात पहिल्यांदा माझ्या हातात असे पैसे आले होते जे कुणाच्या औषधाचे नव्हते, किराण्याचे नव्हते. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, गटात जमा कर. म्हणून सांगितलं नाही. इतकंच आहे ते. यापेक्षा मोठं कारण शोधून मला सापडलं नाही.

सभेत मी उठले असते तर फार तर चार शिव्या बसल्या असत्या. पण बाया इतक्या भडकल्या होत्या आणि भारत नुकताच आयटीआयला लागला होता आणि त्याचे बाबा दारात उभे होते. आज नको, उद्या सांगू, असं म्हणून मी वही मिटली. मग उद्या सांगणं अवघड झालं. तू चार शेळ्या विकल्यास, दुष्काळात मिळेल त्या भावानं, आणि भिमाबाईच्या वाट्याचे दहा हजार सातशे तिच्या हातात ठेवलेस, कारण नातवंडं उपाशी मरतील असं तुला वाटलं. आणि वस्ती काय म्हणाली? खाल्ले नसते तर दिले कशाला? हे मी माझ्या कानांनी ऐकलं, टँकरच्या रांगेत, आणि घागर भरून घरी आले. दिवाळीच्या आधी तू पेटी घेऊन गाडीत बसलीस तेव्हा मी दाराच्या मागं उभी होते. तू माझ्या दारावरून गेलीस. थांबली नाहीस, पण हळू झालीस. मला दिसलं.

सहा वर्षं मी गप्प राहिले. फुलं विकून टाकली, त्यानं काही हलकं वाटलं नाही. मशीन मिळालं तेव्हा बँकेतले साहेब म्हणाले, बाई, या कामाला शिक्षणापेक्षा विश्वास लागतो, वस्तीचा तुमच्यावर आहे. मी मान हलवली. खरंच आहे गं त्यांचा विश्वास. ज्यांना वाचता येत नाही त्या माझ्या हातात पासबुक देऊन खुशाल वळून बसतात. मी एक पैसा इकडचा तिकडे केलेला नाही. ते मला शाबासकीसारखं सांगायचं नाही, फक्त तुला माहीत असावं.

आता या महिन्यात काय झालं ते. तीन तारखेला बँकेनं विहारात बायांसाठी शिबिर घेतलं. नवा गट निघाला आहे, बहुतेक सगळ्या सुना, तुला न पाहिलेल्या. बँकेकडून एक तरुण मॅडम आल्या होत्या, चांगल्या होत्या, खाली सतरंजीवर बसल्या. पैसे कुठं ठेवावेत, कुठं ठेवू नयेत, कोणाला अंगठा देऊ नये, असं सगळं समजावलं. मी शेजारी मशीन घेऊन बसले होते. मग त्यांनी विचारलं, तुमच्यापैकी कुणी फसलंय का, सांगा, म्हणजे बाकीच्या शिकतील. भिमाबाईची नातसून उठली. एकवीस-बावीसची पोर, धीट आहे, बारावी झालेली. तिनं गोष्ट सांगितली. आमच्या वस्तीत एक छबुबाई होती, ती गटाची अध्यक्ष होती, तिनं कमिशन खाऊन सगळ्यांचे पैसे बुडत्या पतसंस्थेत घातले. आणि खाल्ले होते याचा पुरावा म्हणजे तिनं आमच्या आजीचे पैसे गुपचूप परत दिले, मग गाव सोडून पळाली. मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. म्हणाल्या, फार चांगलं उदाहरण आहे, मी पुढच्या गावातही सांगेन.

छबू, मला तोवर वाटायचं की तुझी बदनामी हळूहळू विरून जाईल, माणसं मरतील, विसरतील. ती विरली नव्हती. तिचा धडा झाला होता, आणि तो आता गावोगाव शिकवला जाणार होता. मॅडमनी वही मिटायच्या आत मी उठले. मी म्हटलं, "लिहिलेलं खोडा मॅडम. कमिशन छबुबाईनं घेतलं न्हाई. मी घेतलं. अठ्ठावीसशे रुपये. ती तर ठेव ठेवूच नका म्हणत होती."

पुढं आणखी सांगायचं होतं, शेळ्यांचं, सभेचं. पण तेवढ्यात सडकेवर टँकरचा हॉर्न वाजला आणि अख्खं शिबिर उठलं. तीन दिवसांनी आलेलं पाणी, कोण थांबणार? मिनिटभरात विहार रिकामा झाला, मी आणि मॅडम दोघीच उरलो. आणि मलाही पाणी लागतंच. मीही घागर घेऊन त्याच रांगेत जाऊन उभी राहिले. पुढं बाया, मागं बाया. एरवी टँकरवर किती कालवा असतो. त्या दिवशी फक्त पाइपाचा आवाज. सुंदरबाई माझ्या पुढं होती. माझा नंबर आला तेव्हा तिनं पाइप माझ्या घागरीत सोडला, घागर भरेपर्यंत धरून ठेवला आणि माझ्याकडं एकदाही न बघता म्हणाली, "तवा सभेत मी इचारलं होतं. तू लिहीत बसलीस." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मॅडम जाताना म्हणाल्या की मला हे वर कळवावं लागेल. मशीन राहील की जाईल, अजून निरोप नाही. गेलं तर जाईल. फक्त दुसरी कुणी तयार होईपर्यंत म्हाताऱ्यांची पुन्हा नेकनूरची वारी सुरू होईल, त्याचं वाईट वाटतं. त्यानंतर तीन दिवस माझ्या ओसरीवर एक माणूस आलं नाही. महिन्याचा पहिला आठवडा, पेन्शनचे दिवस, आणि बाया भाडं खर्चून नेकनूरला जात होत्या. नातसूनही तिकडेच गेली. भारतच्या बाबांनी एवढंच विचारलं, आधी का सांगितलं नाहीस, आणि उठून छावणीवर गेले. त्यांच्या ताटातली भाकर तशीच होती.

चौथ्या दिवशी सकाळी काठी वाजली. भिमाबाई, एकटी, अर्धी वस्ती चालून आलेली. खाली बसली, दम घेतला आणि डावा हात पुढं केला. मी पाणी कोमट केलं, हात धुतले, बोट लावलं. चिठ्ठी निघाली. तिनं पैसे मोजून कनवटीला लावले आणि म्हणाली, "राग हाय तुझ्यावर. पन नेकनूरला जायाला गुडघे न्हाईत." मी रडायला लागले तर म्हणाली, रडू नको, ऐक. आमाला सांगून काय? आमचं सहा वर्सं काय गेलं? जिचं गेलं तिला सांग. मग तिनं मला एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. तिची भाची घाटनांदूरला दिली आहे, तुमच्याच गल्लीत. ती म्हणत होती की तू बन्सीदादाकडं राहायला गेलीस, त्याच्या दुसऱ्या वर्षी इकडून कुणीतरी तिकडं ती गोष्ट नेली, आणि तेव्हापासून तुझी भावजय धान्याच्या कोठीला कुलूप लावते. किल्ली स्वतःच्या कमरेला ठेवते. तू घरात असताना.

छबू, हे पत्र त्यासाठी आहे. माफी मागायला नाही, ती मागायची हिंमत अजून झालेली नाही. सोमवारी, वीस तारखेला, सकाळच्या गाडीनं मी निघते आहे. अंबाजोगाईला गाडी बदलून अकरा-साडेअकरापर्यंत तुमच्या दारात येईन. बन्सीदादासमोर, तुझ्या भावजयीसमोर आणि शेजारपाजारचे जमतील त्यांच्यासमोर मला सगळं सांगायचं आहे, अठ्ठावीसशेपासून शेळ्यांपर्यंत. सुंदरबाई म्हणाली आहे की साक्षीला तीही येईल. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी येते आहे, हे तिनं मला दोनदा बजावलं. पण हे तुला पहिल्यांदा लोकांच्या घोळक्यात ऐकायला लागू नये, तुला आधी एकटीला कळावं, चिडायला, शिव्या द्यायला तुला दोन-चार दिवस मिळावेत, म्हणून आधी लिहिलं. त्या दिवशी सभेत तू माझ्याकडं पाहिलंस तेव्हा तुला ठाऊक होतं का, हे मी विचारणार नाही. तू मला घरात घेऊ नकोस, पाणी देऊ नकोस, माझ्याशी बोलूही नकोस. मी अंगणात उभी राहूनच बोलेन, मोठ्यानं बोलेन. तू फक्त त्या वेळी रानात निघून जाऊ नकोस. घरात थांब. एकदा मी तुझ्यासमोर गप्प बसले, आता बोलताना तू समोर हवीस.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क घालवलेली, तरीही तुझीच,
मालन